कोकणचं तिकीट काढण्याआधी तिथी बघा
नागपूरकरांनो, खाडीत खेकडे धरायचे तर आधी घरीच दिनदर्शिका उघडा. तिथीची पाऊणपट करा: चतुर्थीला साधारण ३ वाजता पूर्ण भरती, तिथून सुमारे ६ तासांनी ओहोटी. पाणी चढू लागलं की कडीचं जाळं, म्हणजे गोल कडीला बांधलेलं जाळं, टाका. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात ओढीनं जाळं वाहून जातं, त्यामुळे नवख्यानं अष्टमीच्या आसपासच जावं.

टाकण्याआधी आमिष म्हणून मासळीचं डोकं जाळ्याच्या मधोमध तारेनं बांधा. सुतळी खेकडा तोडतो. दर १०-१५ मिनिटांनी जाळं न थांबता सरळ वर ओढा. हात रेंगाळला की खेकडा काठावरून निसटलाच! पोटाखाली अंडी असलेली मादी लगेच पाण्यात सोडा. आणि चिखलात एकट्यानं कधीच उतरू नका, पाय रुततो अन् भरती थांबत नाही.