सील्ड इंटरफेस आल्यानंतर व्हिजिटर पॅटर्न शिकावा का?

जावा 21 मध्ये सील्ड इंटरफेस (ज्याचे उपप्रकार आधीच ठरवून बंद केलेले असतात), रेकॉर्ड (फक्त माहिती धरणारे छोटे क्लास) आणि स्विचमधील पॅटर्न मॅचिंग (ऑब्जेक्टचा प्रकार पाहून शाखा निवडणे) हे सगळे हाताशी असताना जुने डिझाइन पॅटर्न, म्हणजे वारंवार येणाऱ्या रचनेच्या अडचणींवरची ठरावीक उत्तरे, शिकण्यात वेळ घालवावा का, आणि घालवायचाच असेल तर सुरुवात कोठून करावी, असे तुम्ही विचारले आहे. ‘डिझाइन पॅटर्न्स’ या पुस्तकातील तेवीसच्या तेवीस पॅटर्नचा आढावा मी घेणार नाही. मी मुख्यतः व्हिजिटरबद्दल, म्हणजे एखादे काम ऑब्जेक्टच्या क्लासबाहेर वेगळ्या क्लासमध्ये ठेवण्याच्या पद्धतीबद्दल लिहिते, कारण त्यावरून एका कोड रिव्ह्यूमध्ये माझा जो वाद झाला, तो माझ्या मते चुकीच्या बाजूने मिटवला गेला.

आमच्या प्रणालीत शुल्क ठरवणारे नियम झाडाच्या रूपात साठवले जात. संख्या, चल, बेरीज, गुणाकार, तुलना, अट असे नोडचे, म्हणजे त्या झाडातील घटकांचे, नऊ प्रकार होते आणि त्यांच्यावर चार कामे चालत: मूल्य काढणे, नियम वैध आहे का ते तपासणे, तो वाचनीय मजकुरात छापणे आणि त्यात वापरलेले चल गोळा करणे. हे सगळे व्हिजिटरने लिहिलेले होते, म्हणजे प्रत्येक कामाचा एक व्हिजिटर क्लास, त्यात दर प्रकारासाठी एक अशा नऊ व्हिजिट मेथड, आणि प्रत्येक नोडमध्ये त्यांतली आपल्या प्रकाराची मेथड बोलावणारी एक ॲक्सेप्ट मेथड. आम्ही जावा 21 वर गेल्यावर मी नऊ नोडचे नऊ रेकॉर्ड केले, त्यांच्यावर एक सील्ड इंटरफेस ठेवला आणि चार कामांची चार फंक्शने लिहिली. प्रत्येकात एक स्विच होता आणि डीफॉल्ट शाखा, म्हणजे उरलेल्या सगळ्या प्रकारांसाठीची सरसकट शाखा, एकातही नव्हती. कोड जवळजवळ निम्म्यावर आला, आणि कोणते काम कोणत्या नोडवर काय करते हे एका पडद्यावर सलग वाचता येऊ लागले.

आमच्या ज्येष्ठ सहकाऱ्यांनी ती पुल रिक्वेस्ट, म्हणजे मंजुरीसाठी पाठवलेला हा बदल, नाकारली. प्रकार पाहून फाटे फोडणारा स्विच म्हणजे ऑब्जेक्ट-ओरिएंटेड रचनेचा पराभव होय, असे त्यांनी लिहिले. शिवाय नवा नोड आला की व्हिजिटरमध्ये कंपायलर अडवतो, ती सुरक्षितता आपण गमावू, असेही त्यांचे म्हणणे होते. दुसरा मुद्दा मला तेव्हाच खटकला, कारण सील्ड प्रकारावरच्या स्विचमध्ये एखादा प्रकार हाताळायचा राहिला, तर कंपायलर तितक्याच ठामपणे अडवतो. मी तसे उदाहरणासह लिहिले, परंतु निर्णय बदलला नाही.

काही महिन्यांनी एका सहकाऱ्याने भागाकाराचा नोड जोडला. नियमाप्रमाणे चारही व्हिजिटर कंपाइल होताना अडायला हवे होते, पण तपासणीचा व्हिजिटर अडला नाही. प्रत्येक व्हिजिटरमध्ये त्याच त्या मेथड पुन्हा लिहाव्या लागू नयेत म्हणून मध्ये एक आधारभूत क्लास ठेवलेला होता, आणि त्यातील प्रत्येक व्हिजिट मेथड फक्त खालच्या नोडकडे जाऊन परत येत असे. भागाकाराची मेथडही तेथे तशीच जोडली गेली, तपासणीच्या व्हिजिटरला ती वारशाने मिळाली, आणि भाजक शून्य असू शकतो का हे कोणीच तपासले नाही. भाजक शून्य असलेला एक नियम वैध म्हणून साठवला गेला आणि रात्रीची शुल्क आकारणी अरिथमेटिक एक्सेप्शन देऊन मध्येच थांबली.

चर्चेत असे सांगण्यात आले की दोष आधारभूत क्लासचा आहे, पॅटर्नचा नाही. तांत्रिकदृष्ट्या हे खरे आहे. पण तो क्लास का आला, याचे उत्तर कोणी दिले नाही. व्हिजिटर इतका पसारा मागतो की तो सुसह्य करण्यासाठी लोक असा क्लास लिहितातच, आणि तो लिहिला की ज्या सुरक्षिततेसाठी व्हिजिटर स्वीकारला, तीच निघून जाते.

आता तुमच्या प्रश्नाकडे येते. पॅटर्न शिकताना तो भाषेतील कोणती उणीव भरून काढतो, हे आधी विचारा. जावा मेथड निवडताना धावत्या वेळी फक्त एकाच ऑब्जेक्टचा प्रकार पाहते. नोड आणि काम अशा दोन गोष्टींवरून निवड करायची असल्यामुळे ॲक्सेप्टचा वळसा घ्यावा लागतो. 1994 साली त्या पुस्तकात प्रसिद्ध झालेल्या 23 पॅटर्नची उदाहरणे सी++ आणि स्मॉलटॉकमध्ये होती. संगणकशास्त्रज्ञ पीटर नॉर्व्हिग यांनी 1996 मध्येच दाखवले होते की त्यांपैकी 16 पॅटर्न लिस्प किंवा डिलनसारख्या भाषेत बरेच सोपे होतात किंवा दिसेनासेच होतात. जावातही तेच हळूहळू घडत आले आहे. 2014 मध्ये जावा 8 ने लॅम्डा, म्हणजे जागेवरच लिहिता येणारी निनावी फंक्शने, दिल्यावर स्ट्रॅटेजीसाठी (काम करण्याची पद्धत बदलता यावी यासाठीचा पॅटर्न) वेगळा क्लास लिहिण्याचे कारण बहुतेक ठिकाणी उरले नाही. कॉटलिन या भाषेत सिंगलटन (क्लासचा एकच ऑब्जेक्ट) हा ऑब्जेक्ट या एका शब्दाने होतो, आणि नावाने आर्ग्युमेंट देता येत असल्याने बिल्डर (ऑब्जेक्ट टप्प्याटप्प्याने बांधणारा क्लास) क्वचितच लागतो. डेकोरेटर (ऑब्जेक्टवर वेष्टन घालून काम वाढवणारा) आणि ॲडाप्टर (एका इंटरफेसचे दुसऱ्यात रूपांतर करणारा) मात्र मी आजही नेहमी वापरते, कारण ते भाषेची उणीव भरण्यासाठी नसून दोन भागांमधील सीमा आखण्यासाठी आहेत.

तुमच्या रिव्ह्यूमध्ये कोणी स्विच पाहताच पॉलिमॉर्फिझम (प्रत्येक प्रकाराने आपले काम आपल्याच मेथडमध्ये करणे) सुचवला, तर एकच प्रश्न विचारा: आपल्याकडे नवे प्रकार वारंवार येतात की नवी कामे? संगणकशास्त्रज्ञ फिलिप वॅडलर यांनी 1998 मध्ये या पेचाला एक्स्प्रेशन प्रॉब्लेम असे नाव दिले. आमच्याकडे प्रकार क्वचित वाढत आणि कामे वाढत राहत. अशा ठिकाणी प्रत्येक कामाचे वेगळे फंक्शन हेच योग्य.

दोन गोष्टी मी आधीच सांगायला हव्या होत्या. माझ्या स्विचमध्ये कोणी डीफॉल्ट शाखा घातली असती, तर भागाकार तिथेही तसाच निसटला असता. म्हणून सील्ड प्रकारांवर डीफॉल्ट लिहू नका. आणि तुमच्या लायब्ररीबाहेरचे लोक स्वतःचे प्रकार जोडणार असतील, तर सील्ड इंटरफेस उपयोगाचा नाही, कारण त्याचे थेट उपप्रकार त्याच मॉड्यूलमध्ये, आणि मॉड्यूल नसेल तर त्याच पॅकेजमध्ये असावे लागतात. तेथे साधा इंटरफेस ठेवून प्रत्येक प्रकाराला आपले काम स्वतः करू द्यावे.