बुलेटला काढता-घालता येणारी विंडशील्ड घरच्या घरी बसवता येते का?

येते की, भोकं पाडावी लागत नाहीत. फक्त हँडलच्या पाइपाची जाडी आधी मोजा. बहुतेक क्लॅम्प (पाइपावर आवळायची पकड) 22 मिमीचे असतात. गाडी मेन स्टँडवर लावून क्लॅम्प हातानेच सैलसर बसवा, मध्ये रबर हवंच, नाहीतर क्रोम खरवडतं.

काचेची वरची कड नाकाच्या रेषेत ठेवा. नजर काचेवरून गेली पाहिजे; पावसात रात्री काचेतून बघणं म्हणजे निव्वळ वैताग. मग हँडल दोन्हीकडे पूर्ण फिरवून बघा, टाकीला घासत नाही ना, क्लचची केबल ताणत नाही ना. त्यानंतरच अ‍ॅलन कीने (षटकोनी टोकाच्या पान्याने) आवळा, बेतानेच, कारण काचेला तडा बहुतेकदा तिच्यातल्या बोल्टच्या भोकापासूनच सुरू होतो. पेट्रोलच्या फडक्याने काच पुसू नका. आणि घाटात आडवा वारा सुटला की हँडल ओढलं जातं, तिथे वेग आवरा.