नुसतं "छान आहे" नको, कुणासाठी छान आहे ते सांगा

मागच्या अंकात मी विचारलं होतं की हल्ली काय वाचलंत आणि ते कुणाच्या हातात द्यावंसं वाटलं. पत्रं, मेल भरपूर आलेत, सगळ्यांना उत्तर देणं जागेअभावी जमणार नाही, पण हे पाच प्रश्न वाचल्यावर वाटलं की हे बऱ्याच जणांचे असणार, म्हणून तेच घेते.

ताई, आमच्या सोसायटीत आम्ही सातजणी पुस्तकभिशी चालवतो. पैशांची भिशी आधीपासून होतीच, आता जिची भिशी लागते तिने महिन्याभरात वाचलेल्या पुस्तकाबद्दल बोलायचं असं ठरवलंय. सुरुवातीला मजा आली, पण आता प्रत्येकजण म्हणते खूप छान आहे, नक्की वाचा, टाळ्या, चहा, संपलं. कुणी कुणाचं पुस्तक मागून नेत नाही. काय चुकतंय?
— एक वाचक, मिरज

भिशीला पुस्तक जोडायची कल्पनाच मला इतकी आवडली की मी ती दोन ठिकाणी सांगूनही आले. आता चुकतंय काय, तर "खूप छान" म्हटल्यावर समोरचीला काहीच कळत नाही हो. आपण मैत्रिणीला साडी सुचवतो तेव्हा कसं म्हणतो, की तुला तो रंग खुलेल पण काठ जड आहेत, उन्हाळ्यातल्या लग्नाला नको घेऊस. म्हणजे साडी सांगताना ती मैत्रीण आपल्या डोळ्यासमोर असते, आणि पुस्तक सांगताना मात्र आपण फक्त पुस्तकच बघत बसतो.

मी गेल्या महिन्यात काय केलं ते सांगते, म्हणजे मला काय म्हणायचंय ते कळेल. गोडसे भटजींचं 'माझा प्रवास' मी परत वाचलं, कॉलेजात असताना परीक्षेपुरतं वाचलं होतं तेव्हा काही पोचलंच नव्हतं. माझा भाचा आहे, चोवीस वर्षांचा, सतत ट्रॅव्हलचे व्हिडिओ बघतो, मराठी पुस्तक म्हटलं की उठून जातो. त्याला मी पुस्तकाचं नावच सांगितलं नाही आधी. म्हटलं, ऐक, पेणजवळच्या वरसई गावातला एक गरीब भिक्षुक, डोक्यावर कर्ज, त्याला कळतं की मथुरेला ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार आहेत, दक्षिणा चांगली मिळेल, म्हणून तो काकाला बरोबर घेऊन पायी निघतो, आणि साल कुठलं तर १८५७! महूच्या आसपास पोचतात तर शिपाई सांगतात की बंड होणार आहे. दोन पैसे मिळवायला निघालेला माणूस सरळ त्या वणव्यातच जाऊन पडतो, झाशीला वेढा पडतो तेव्हा हा शहराच्या आत असतो, आणि पुढे लुटालूट सुरू होते तेव्हा जीव मुठीत धरून लपून बसतो, मिळवलेलं पुन्हा पुन्हा लुटलं जातं, तरी घरी येताना गंगेची कावड घेऊन येतो कारण आईवडलांना गंगाजलाने अंघोळ घालायचीय.

आणि मग मी त्याला तो विहिरीचा प्रसंग सांगितला. झाशी पडल्यानंतर काल्पीच्या वाटेवर भटजींना राणी लक्ष्मीबाई भेटते, पठाणी वेष, अंगभर धूळ, तहानेने व्याकूळ. हे पाणी काढून द्यायला जातात तर ती म्हणते, तुम्ही विद्वान ब्राह्मण, तुम्ही माझ्यासाठी पाणी काढू नका, मीच काढते, आणि काढून ओंजळीने पिते. तिथेच ती म्हणते की मी खरं तर अर्धा शेर तांदळाची धनीण, एकट्या विधवेला याहून काय लागतं, पण कशासाठी यात पडले आणि देवाने काय केलं बघा. आपण पुतळ्यातच बघितलेली राणी इथे दमलेली, हरलेली, विहिरीच्या काठावर उभी असते. मला हे सांगताना भरून आलं आणि भाचा म्हणाला मावशी दे ते पुस्तक.

पण देताना मी हेही सांगितलं की भाषा जुनी आहे, पहिली वीसेक पानं जड जातील, धार्मिक विधींची वर्णनं मध्ये मध्ये लांबतात, तिथे भरभर पुढे गेलास तरी चालेल. हे सांगणं फार महत्त्वाचं आहे बरं का! आपण कौतुक करून पुस्तक देतो, तो दहाव्या पानावर अडकतो, त्याला वाटतं माझ्यातच काहीतरी कमी आहे, आणि पुस्तक कपाटात जातं. अडचण आधी माहीत असली की माणूस ती ओलांडतो. शिवाय हे लिहून झालं १८८३ च्या सुमारास, पण इंग्रज सरकारची भीती, त्यामुळे भटजी गेल्यावर १९०७ साली चिंतामणराव वैद्यांनी ते छापलं, तेही बराच फेरफार करून, आणि मूळ हस्तलिखितावरून दत्तो वामन पोतदारांनी छापलं ते पुष्कळ नंतर. म्हणून दुकानात किंवा वाचनालयात घेताना कुठली संहिता आहे ते प्रस्तावनेत बघून घ्या, मला स्वतःला मूळ संहितेवरची आवृत्ती जास्त जवळची वाटते कारण त्यात माणूस अजून खरा दिसतो.

तर तुमच्या भिशीत एवढंच करून बघा. बोलणारीने सातजणींपैकी एकीचं नाव घ्यायचं आणि म्हणायचं, हे मी तुझ्यासाठी आणलंय, अमुक कारणासाठी. मग एक प्रसंग, पूर्ण गोष्ट नको. मग कुठे कंटाळा येईल ते. आणि पुस्तक तिथल्या तिथे हातात द्यायचं, नंतर देते म्हटलं की राहतंच.

मी आयटीत आहे, हिंजवडी. दहावीनंतर एकही मराठी पुस्तक वाचलेलं नाही हे सांगायला लाज वाटते. बस आणि कॅब मिळून रोज दीड-दोन तास जातात. एकच पुस्तक सांगा, यादी नको, यादी दिली की मी एकही वाचत नाही.
— एक वाचक, पुणे

लाज कसली त्यात, उलट यादी नको म्हणालात हे मला फार बरं वाटलं.

'रारंग ढांग', प्रभाकर पेंढारकर. १९८१ ची कादंबरी, मौज प्रकाशनाची, अगदी आटोपशीर. मुंबईतलं सुखाचं आयुष्य सोडून विश्वनाथ मेहेंदळे नावाचा तरुण सिव्हिल इंजिनिअर हिमालयात रस्ता बांधायला बॉर्डर रोड्समध्ये लेफ्टनंट म्हणून जातो, खाली सतलज, समोर रारंगचा उभा कडा, आणि तो कडा फोडून रस्ता न्यायचाय. तुम्हाला ही का सांगतेय, तर तुमच्या रोजच्या कामातला जो प्रश्न असतो ना, की वरून आलेली ऑर्डर पाळायची की आपल्या डोक्याला आणि मनाला जे बरोबर दिसतंय ते करायचं, तोच या पुस्तकाचा गाभा आहे, फक्त तिथे चूक झाली की सर्व्हर बंद पडत नाही, मजूर मरतो. मेहेंदळेवर कोर्टमार्शलची वेळ का येते ते मी सांगणार नाही. पेंढारकर डॉक्युमेंटरी बनवायचे, त्यामुळे सगळं डोळ्यांना दिसतं, वाक्यं छोटी, भाषा आजची वाटते. कॅबमध्ये वाचताना स्टॉप चुकेल एवढा धोका आहे.

वाचून झालं की टीममधल्या एकाला द्या, आणि मला कळवा त्याला काय वाटलं ते.

आमच्या वाचकांच्या व्हॉट्सअप ग्रुपवर नव्या-जुन्या पुस्तकांच्या पीडीएफ येत असतात. परवा मी एक फॉरवर्ड केली तर एका सभासदाने चारचौघांत सुनावलं की ही चोरी आहे. मी तर वाचन वाढावं म्हणूनच पाठवली होती. खरंच चूक आहे का?
— एक वाचक, ठाणे

तुमचा हेतू चांगला होता यात मला शंका नाही, आणि चारचौघांत सुनावणंही मला पटलं नाही, पण हो, चूक आहे. मराठी पुस्तकाची आवृत्ती म्हणजे साधारण हजारेक प्रती, हल्ली तर त्याहूनही कमी छापतात, त्या खपायला वर्षं लागतात, लेखकाने तीन-चार वर्षं खपून लिहिलेलं असतं. अडीचशे जणांच्या ग्रुपवर एक पीडीएफ गेली आणि त्यातून पुढच्या दहा ग्रुपवर गेली की आवृत्तीच संपली समजा. तुमच्या कपाटातलं विकत घेतलेलं पुस्तक तुम्ही दहा जणांना वाचायला द्या, त्याला कुणाची हरकत नाही, कारण तिथे प्रत एकच असते आणि ती हातोहात फिरते. पीडीएफची मात्र प्रत्येक फॉरवर्डला नवी प्रत होते.

सगळ्याच पीडीएफ वाईट असंही नाही. आपल्याकडे लेखक गेल्यानंतर साठ वर्षांनी हक्क संपतात, त्यामुळे लक्ष्मीबाई टिळक (निधन १९३६) यांचं लेखन आता सगळ्यांचं आहे. मराठी विकिस्रोतावर अशी हक्क संपलेली बरीच जुनी पुस्तकं मोफत आहेत, त्याच्या लिंका बिनधास्त पाठवा. आणि तुम्ही तर ठाण्यात राहता, तुमच्याकडे १८९३ सालापासून चालू असलेलं मराठी ग्रंथसंग्रहालय आहे! ग्रुपवर पीडीएफऐवजी "मी हे तिथून आणलंय, परवा परत करतोय, कुणाला हवंय?" असा मेसेज टाकून बघा, दोन जण तरी नक्की उठून जातील.

मुलगी बारा वर्षांची, इंग्रजी माध्यम. इंग्रजी जाडजाड पुस्तकं सहज वाचते, मराठी मात्र अक्षरं जुळवत जुळवत. काय द्यावं?
— एक आई, चंद्रपूर

जी गोष्ट तिने इंग्रजीत वाचलीय तीच मराठीत द्या. 'लिटल विमेन' वाचलं असेल तर शांता शेळक्यांनी केलेला अनुवाद आहे, 'चौघीजणी', गोष्ट माहीत असल्यामुळे शब्द अडला तरी ती थांबत नाही. नसेल वाचलं तर भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे. फुरसुंगीचा बनेश, त्याचं ते 'ट्टॉक', मुलांना अजूनही आवडतं. पहिली दोन प्रकरणं तुम्ही मोठ्याने वाचा आणि ऐन रंगात आल्यावर स्वयंपाकाला उठा. आणि एक विनंती, या शब्दाचा अर्थ काय, त्या शब्दाचा अर्थ काय असं विचारू नका, त्याने पुस्तकाची शाळा होते.

आई ७८ वर्षांची, आयुष्यभर वाचत आली, आता नजरेमुळे वाचता येत नाही. मोबाईलवर ऑडिओबुक लावून दिलं तर म्हणते तो माणूस फार घाईत आहे. चिडचिड करते. काही सुचवाल?
— एक वाचक, बेळगाव

तुम्ही वाचा. रोज पंधरा मिनिटं, त्याहून जास्त नको, नाहीतर तुम्हाला ते ओझं होईल आणि त्यांना ते कळेल.

ऑडिओबुकचा वेग कमी करता येतो, तेही करून बघा, पण मला वाटतं त्यांना वेगाचा त्रास नाहीये, मध्येच थांबवून बोलता येत नाही याचा आहे. आयुष्यभर वाचलेली बाई वाचताना मनात सतत बोलत असते.

पुस्तक म्हणाल तर लक्ष्मीबाई टिळकांचं आत्मचरित्र 'स्मृतिचित्रे' घ्या. त्यांनी आधी वाचलेलं असणारच, तरी घ्या, म्हणजे पुढे काय येणार ते त्या तुम्हाला सांगतील. लक्ष्मीबाई बोलतात तशाच लिहितात, त्यामुळे मोठ्याने वाचायला त्याच्यासारखं दुसरं पुस्तक मला तरी माहीत नाही. त्यांचे पती, कवी ना. वा. टिळक, १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले तेव्हा लक्ष्मीबाईंवर काय कोसळलं, वेगळं राहण्याची ती वर्षं, आणि मग त्यांचं स्वतःचं मन हळूहळू कसं बदलत गेलं, हे सगळं त्या कुणावरही न चिडता सांगतात, मध्येच इतकं हसवतात की वाचणाऱ्याला थांबावं लागतं. आमच्या सासूबाईंना मी मागच्या पावसाळ्यात वाचून दाखवत होते, रोज रात्री जेवण झाल्यावर. मी पान उलटायच्या आत त्या पुढचं वाक्य म्हणायच्या, कधी बरोबर, कधी स्वतःचंच घालून. त्यांच्या माहेरच्या सोवळ्याच्या गोष्टी मला लग्नाला एकतीस वर्षं झाल्यावर या पुस्तकामुळे पहिल्यांदा कळल्या.

खूण म्हणून पानाचा कोपरा दुमडू नका, आईंना आवडणार नाही. देवघरातल्या वातींचा दोरा चालतो.