भाव कळला, पण ट्रॉली कुणाच्या दारात?

मागच्या अंकात जाता जाता एक वाक्य लिहून गेले की मोबाईलमुळे शेतकऱ्याला जास्त भाव मिळतो असं अभ्यासांमध्ये सरसकट दिसत नाही, आणि त्यावर एवढी पत्रं आणि मेसेज आले की या वेळचं अख्खं सदर त्यालाच द्यावं लागतंय. काही पत्रं गोड होती, काही नव्हती. नव्हती त्यातल्या एकापासूनच सुरू करते.

ताई, आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लासलगाव, पिंपळगाव, येवला सगळीकडचे कांद्याचे भाव लिलाव चालू असतानाच येतात. आधी बाजार समितीत गेल्याशिवाय काही कळायचं नाही. आणि तुम्ही म्हणता फायदा दिसत नाही. हे कॉलेजात बसून लिहिलंय का?
– एक कांदा उत्पादक, निफाड तालुका

कॉलेजात बसूनच लिहिलंय, नाकारत नाही. पण ज्या अभ्यासाच्या जोरावर लिहिलं तो आपल्याच महाराष्ट्रात झालाय, आणि तो नीट सांगायला हवा होता, एका वाक्यात उरकायला नको होता.

तुम्हाला आठवत असेल, व्हॉट्सअ‍ॅप गावात यायच्या आधी रॉयटर्स मार्केट लाइट नावाची सेवा होती, पैसे भरले की मोबाईलवर एसएमएसने बाजारभाव, हवामान आणि पिकाचा सल्ला यायचा. मार्सेल फाफशाँ आणि बार्ट मिंटन या दोन अर्थतज्ज्ञांनी ठरवलं की याचा उपयोग होतो का ते नीट तपासायचं. महाराष्ट्रातली १०० गावं घेतली, टोमॅटो, डाळिंब, कांदा, गहू आणि सोयाबीन पिकवणारे शेतकरी घेतले, आणि चिठ्ठ्या टाकल्यासारखं करून काहींना ही सेवा वर्षभर फुकट दिली, बाकीच्यांना दिली नाही. चिठ्ठ्या का, तर ज्याने स्वतःहून पैसे भरून सेवा घेतली तो आधीच हुशार, आधीच दहा ठिकाणी चौकशी करणारा असतो, त्याला भाव बरा मिळाला तर ते एसएमएसमुळे की त्याच्या स्वभावामुळे हे कधीच कळत नाही. २०१२ साली निष्कर्ष छापून आले. शेतकरी मेसेज वाचत होते, ठरवताना त्याचा उपयोग झाला असंही सांगत होते, पण हातात पडलेल्या भावात असा फरक निघाला नाही की हा योगायोग नाही असं छातीठोक म्हणता येईल. माल कुठे नेऊन विकायचा आणि प्रतवारी किती करायची यात थोडा बदल दिसला, पण थोडाच.

आता तुम्ही म्हणाल हे कसं शक्य आहे. मला तरी ते माझ्या मामाकडे बघून कळलं. मामाच्या फोनमध्ये भावाचे तीन ग्रुप आहेत, वाशीचा भाव त्याला माझ्या आधी कळतो, आणि तरी त्याची ट्रॉली गेली कित्येक वर्षं एकाच व्यापाऱ्याच्या दारात उभी राहते कारण बियाणाला उचल त्याच्याकडून, पोरीच्या लग्नाला पैसे त्याच्याकडून, आणि विकलेल्या मालाच्या हिशोबातून, म्हणजे पट्टीतून, ते वळते होत राहतात. दुसऱ्या बाजारात क्विंटलमागे शंभर रुपये जास्त आहेत हे कळून मामा करणार काय? डिझेल घालून तिकडे जायचं, तोवर तिथला भाव उतरलेला, वर इकडचा माणूस नाराज. भाव कळणं वेगळं आणि त्या भावाला विकायची मोकळीक असणं वेगळं. आणि कांद्याचं तर असंय की ७ डिसेंबर २०२३ ला रात्री निर्यातबंदी आली आणि सकाळी बाजार कोसळला, ते सगळ्यांना मोबाईलवर लगेच कळलं की, कळून कुणाचा कांदा वाचला?

तरी तुमच्या बाजूने एक गोष्ट आहे आणि ती लपवत नाही. त्या अभ्यासात मोजला तो शेतकऱ्याच्या हातातला सरासरी भाव. घरातच सगळं कळल्यामुळे वाचलेला हेलपाटा, आणि व्यापाऱ्यापुढे उभं राहताना आपण अगदीच आंधळे नाही ही भावना, हे त्या आकड्यात येत नाही. तुमचा ग्रुप बंद करा असं मी म्हणत नाहीये.

केरळच्या मच्छीमारांचं उदाहरण सगळीकडे देतात, मोबाईल आला आणि सगळं बदललं म्हणून. आमच्याकडे बंदरावर फोन सगळ्यांकडे आहे, पण असं काही झालेलं दिसत नाही. ते खरं आहे का?
– एक वाचक, मालवण

उदाहरण खरं आहे, पण त्याची टोकं कापून सांगितलं जातं.

अर्थतज्ज्ञ रॉबर्ट जेन्सन यांचा हा अभ्यास, २००७ साली आला. कासरगोड, कन्नूर आणि कोळिकोड हे उत्तर केरळचे तीन जिल्हे, मासा तारली, आणि काळ १९९६ ते २००१. गंमत अशी की मोबाईलचे टॉवर तिन्हीकडे एकदम नाही आले, आधी कोळिकोड, मग कन्नूर, शेवटी कासरगोड, त्यामुळे टॉवर आला तिथे काय झालं आणि नाही आला तिथे काय झालं हे शेजारी शेजारी ठेवून बघता आलं. टॉवर किनाऱ्याजवळ असल्याने समुद्रात वीसेक किलोमीटरपर्यंत रेंज मिळायची, म्हणजे जाळं ओढल्यावर होडीतूनच फोन करून विचारता यायचं की कुठल्या किनाऱ्यावर गिऱ्हाईक आहे.

त्याच्या आधीची परिस्थिती ऐका. १४ जानेवारी १९९७, वडकरा किनाऱ्यावर ११ मच्छीमार भरलेल्या होड्या घेऊन उभे, घेणारा कुणी नाही, मासे टाकून द्यायची पाळी. आणि १५ किलोमीटरच्या आतल्या दुसऱ्या किनाऱ्यांवर २७ गिऱ्हाइकं मासा नाही म्हणून रिकाम्या हाताने परत निघालेली. रोजच्या मालातला ५ ते ८ टक्के असा वाया जायचा. फोन आल्यावर हे वाया जाणं जवळपास थांबलं, किनाऱ्याकिनाऱ्यातला भावाचा फरक खूप कमी झाला, मच्छीमारांचा नफा सरासरी ८ टक्के वाढला आणि खाणाऱ्याला तारली ४ टक्क्यांनी स्वस्त मिळाली. दोघांचाही फायदा, कारण आधी जे कुणाच्याच पोटात जात नव्हतं ते ताटात गेलं. मला आजही हा अभ्यास फार देखणा वाटतो.

पण बघा, तारली काही तासांत खराब होते आणि होडी कुठेही वळवता येते. कांदा साठवणीच्या चाळीत महिनोन्‌महिने राहतो आणि ट्रॉली वळवायला डिझेल लागतं. म्हणजे केरळात फोनने जो प्रश्न सोडवला तो निफाडमध्ये मुळात तेवढा मोठा नव्हताच. पश्चिम आफ्रिकेतल्या नायजर देशातही फोनचा फायदा असाच मर्यादित निघाला, अर्थतज्ज्ञ जेनी एकर यांनी तिथल्या बाजरीच्या बाजारात पाहिलं तर फोन आल्यावर बाजाराबाजारातला भावाचा फरक १० ते १६ टक्क्यांनी घटला, जिथे अंतर लांब आणि रस्ते वाईट तिथे जास्त, पण तो फायदा मुख्यतः हिंडून माल घेणाऱ्या व्यापाऱ्यांच्या चौकशीचा होता. पुढे त्यांनी आणि त्याच फाफशाँनी तिथल्या शेतकऱ्यांच्या चवळीचे भाव तपासले तर भावातली तफावत कमी झालेली, सरासरी भाव मात्र होता तिथेच.

आणि तुम्हाला बंदरावर जे दिसतं ते केरळातही काही जणांनी पाहिलंय. जानकी श्रीनिवासन आणि जेना बरेल या संशोधक नंतर तिथे गेल्या, मच्छीमारांशी बोलल्या, आणि म्हणाल्या की फोन करून जिथे भाव जास्त तिथे होडी नेणं ही गोष्ट सगळ्या प्रकारच्या होड्यांना, सगळ्या बंदरांना लागू पडत नाही. बरेच जण आपल्याच किनाऱ्यावर उतरतात, कर्जापोटी ठरलेला दलाल असतो, आणि केरळात पहिल्या विक्रीवर मच्छीमारांचा ताबा यावा म्हणून सोसायट्या आणि संघटना कित्येक वर्षं आधीपासून झगडलेल्या, ते सगळं गोष्टीतून गळून जातं आणि हिरो एकटा मोबाईल उरतो.

याच जेन्सनचा नोलन मिलरबरोबरचा पुढचा अभ्यास फारसा कुणी सांगत नाही आणि मला तो जास्त आवडतो. होड्या आधी आपल्याच गावातल्या सुताराकडून बांधून घ्यायचे, लांबचा सुतार बरा की वाईट कळायला मार्ग नव्हता. मच्छीमार फोनमुळे दुसऱ्या किनाऱ्यांवर माल उतरवायला लागले, तिथे गप्पा झाल्या, कुणाची होडी किती वर्षं टिकते ते कळलं, आणि हळूहळू चांगल्या सुतारांचं काम वाढलं, कच्च्या सुतारांचं दुकान बंद पडलं. होड्या सुधारल्या. पण सुतार कमी राहिले.

तुम्ही कांदा आणि मासे सांगताय, पण खुद्द मोबाईल कंपन्यांचं काय? तिघं मिळून एकाच आठवड्यात रिचार्ज महाग करतात, याला स्पर्धा म्हणायची का?
– एक वाचक, ठाणे

जुलै २०२४ बद्दल म्हणताय ना. ३ तारखेला जिओ आणि एअरटेल, ४ तारखेला व्होडाफोन आयडिया. संगनमत होतं का हे मी ठरवू शकत नाही, आणि खरं सांगायचं तर त्याची गरजही लागत नाही. बाजारात तीनच मोठे खेळाडू असले की एकाने दर वाढवायचे आणि बाकीच्यांनी गप्प बघायचं की आपणही वाढवायचं, एवढंच गणित उरतं.

बाजारात कंपन्यांची किती गर्दी आहे हे मोजायला अर्थशास्त्रात हर्फिंडाल निर्देशांक वापरतात, नाव भारदस्त आहे पण काम चौथीच्या मुलाचं. प्रत्येक कंपनीचा बाजारातला वाटा टक्क्यांत घ्यायचा, त्याचा वर्ग करायचा, बेरीज करायची. समजा दहा कंपन्या आणि प्रत्येकीकडे १० टक्के, तर बेरीज १०००. समजा तीनच, ४०, ४० आणि २० टक्के, तर १६०० अधिक १६०० अधिक ४००, म्हणजे ३६००. एकटीच असली तर १०,०००. आकडा जेवढा मोठा तेवढी गर्दी कमी.

आपल्याकडे हा आकडा वर, खाली आणि परत वर असा गेलाय. १९९५ मध्ये मुंबईत दोनच खासगी कंपन्या होत्या, मॅक्स टच आणि बीपीएल, कॉल मिनिटाला १६ रुपयांपर्यंत आणि आलेल्या फोनलाही पैसे, लोक नंबर बघून फोन कट करायचे आणि खाली उतरून पीसीओवरून लावायचे. १९९९ च्या धोरणाने ठरावीक लायसन्स फी जाऊन उत्पन्नातला वाटा आला, सरकारी कंपन्या उतरल्या, आणखी लायसन्स निघाली, २००३ मध्ये इनकमिंग फुकट झालं. मधली काही वर्षं तर एकेका सर्कलमध्ये, म्हणजे मोबाईल सेवेच्या एकेका विभागात, इतक्या कंपन्या की नावं लक्षात राहायची नाहीत. मग फेब्रुवारी २०१२ मध्ये सुप्रीम कोर्टाने १२२ लायसन्स रद्द केली, सप्टेंबर २०१६ ला जिओ आलं आणि काही महिने सगळं फुकट वाटलं, आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत एअरसेल दिवाळखोरीत, टेलिनॉर आणि टाटाचे ग्राहक एअरटेलकडे, व्होडाफोन आणि आयडिया एकत्र. डेटा स्वस्त झाला तो याच मारामारीत, आणि उरलेल्यांना दर वाढवायला मोकळीक मिळाली तीही याच मारामारीमुळे. सुतारांची गोष्ट मला इथे आठवते, फरक एवढाच की नुसती होडी बांधायला स्पेक्ट्रमच्या, म्हणजे मोबाईलच्या लहरींच्या, लिलावात हजारो कोटी मोजावे लागत नाहीत, त्यामुळे तिथे उद्या एखादा नवा सुतार उभा राहू शकतो.

ग्राहकाच्या हातात काय आहे, तर पोर्टिंग. नंबर तोच ठेवून कंपनी बदलायची सोय आधी नोव्हेंबर २०१० मध्ये हरियाणात आणि २० जानेवारी २०११ पासून देशभर आली, १९ रुपयांत. त्याआधी नंबर बदलायचा म्हणजे बँकेपासून दूधवाल्यापर्यंत सगळ्यांना कळवायचं, या कटकटीपायी लोक वाईट सेवा सहन करत राहायचे, आणि कंपनीला ते पक्कं माहीत असायचं. आता १९०० वर मेसेज टाका आणि निघा. पण निघून जायचं कुठे, तर उरलेल्या दोघांकडे किंवा बीएसएनएलकडे, आणि गावात रेंज एकाचीच असेल तर पोर्टिंगचा हक्क नुसता कागदावर.

मॅडम, माझा एम.ए.चा प्रबंध ‘महाविद्यालयीन विद्यार्थ्यांचा मोबाईल वापर’ यावर आहे. २०० जणांकडून प्रश्नावली भरून घेतलीये, रोज किती तास वापरता वगैरे. गाइड म्हणतात डेटा छान आहे. तुम्हाला काय वाटतं?
– एक विद्यार्थिनी, कोल्हापूर

अगं, डेटा छान आहे पण कशाचा आहे ते बघ. तो वापराचा नाही, मुलांना आपला वापर किती वाटतो त्याचा आहे. २०२१ साली डग्लस पॅरी आणि सहकाऱ्यांनी असे बरेच अभ्यास एकत्र करून तपासलं की लोक सांगतात ते आणि फोनमध्ये नोंदलेलं खरं किती जुळतं. सहसंबंध निघाला ०.३८ च्या आसपास, पूर्ण जुळलं असतं तर १ आला असता. आणि मुलांनी खोटंच सांगितलं असं नाही, दिवसातून शंभर वेळा दोन-दोन मिनिटं बघितलेली गोष्ट कुणाला मोजता येते?

फेकून देऊ नकोस. तीस-चाळीस जणांना विनंती कर की सेटिंगमधला मागच्या आठवड्याचा स्क्रीन टाइम दाखवा, त्यांनी लिहिलेल्या तासांशेजारी मांड, दोन्हीतला फरक हेच एक प्रकरण होईल आणि ते बाकीच्या प्रबंधापेक्षा चांगलं होईल. आणि प्रश्नावलीत एक प्रश्न वाढव, फोन कुणाचा? वसतिगृहातली मुलगी आणि घरी भावाबरोबर एक फोन वापरणारी मुलगी यांचे चार तास सारखे नसतात. आपल्याकडे शहरी टेलिडेन्सिटी, म्हणजे शंभर माणसांमागे फोन-जोडण्या किती, ती १०० च्या वर जाते ती लोकांकडे दोन-दोन सिम असतात म्हणून, त्याच शहरात स्वतःचा फोन नसलेली बाईही असते, आकड्यात ती दिसत नाही.

मिस कॉलवर पण कुणी पीएचडी करतं का? सहज विचारलं, घरात पैज लागलीये.
– एक आजोबा, सांगली

आजोबा, पीएचडीचं सांगत नाही पण शोधनिबंध नक्की आहे. जोनाथन डोनर यांनी २००७ साली, रवांडातल्या लोकांशी बोलून. तिथे याला बीप करणं म्हणतात. त्यांनी तीन जाती पाडल्या, एक, ‘मला फोन कर’, दुसरी, आधी ठरलेली खूण, म्हणजे ‘मी निघालो’ किंवा ‘खाली ये’, आणि तिसरी, काही काम नाही, नुसती आठवण आली. शिवाय अलिखित नियम, ज्याच्याकडे पैसे जास्त त्याने परत फोन लावायचा, साहेबाला मिस कॉल देणं आगाऊपणा, आणि ज्या मुलीवर छाप पाडायची तिला तर मुळीच द्यायचा नाही.

पैज कोण जिंकलं ते कळवा. मिस कॉल दिलात तरी चालेल, मी लावेन.