सह्याद्रीतल्या वाटांचं पुस्तक कसं पारखावं

प्रिय पोरी,

दुकानात किल्ल्यांवरची, ट्रेकिंगची चार पुस्तकं चाळलीस आणि गोंधळून चारही परत ठेवलीस, असं लिहिलंयस. यातलं कुठलं घेऊ, असा तुझा प्रश्न आहे. एखादं नाव सांगून मला मोकळं होता आलं असतं. पण नवी पुस्तकं येत राहतील, जुन्यांच्या आवृत्त्या निघत राहतील आणि दर वेळी तुला कुणाला तरी विचारावं लागेल. म्हणून पारख कशी करायची तेच सांगतो.

पुस्तक हातात घेतलंस की तू जाऊन आलेल्या गडाचं पान आधी उघड. जिथे जायचंय त्या गडाचं नको, कारण न पाहिलेल्या जागेचं वर्णन कुणीही लिहिलं तरी खरंच वाटतं. लोहगड तू केलायस. मळवली स्टेशनला उतरलीस, भाजे गावावरून गायमुख खिंडीत आलीस. तिथून उजवीकडे लोहगड, डावीकडे विसापूर. लोहगडाला पायऱ्या आहेत, गणेश दरवाज्यापासून महादरवाज्यापर्यंत रस्ता सरळ समोर दिसतो. विसापूरची गोष्ट वेगळी. एका वाटेने पायऱ्यांवरूनच ओढा वाहतो आणि वरचं पठार इतकं मोठं की धुकं उतरलं की खाली जायची वाट हाताला लागत नाही. पावसाळ्यात तिथे मुलं अडकल्याच्या बातम्या येत असतात. आता पुस्तक काय म्हणतंय ते बघ. शेजारी शेजारी आहेत म्हणून दोन्ही गडांना 'सोपी चढाई' असा एकच शिक्का मारला असेल, तर ते पुस्तक नव्या माणसाच्या कामाचं नाही. छपाई कितीही सुंदर असो.

मग राजमाचीचं पान काढ. तू लोणावळ्याहून गेली होतीस, तुंगार्ली, वळवंड करत. जवळपास पंधरा किलोमीटरची चाल, पण बरीचशी सपाटीवरची. कर्जतकडून आलेले लोक कोंदिवड्याहून कोंढाणे लेण्यांवरून चढतात. ती वाट अंतराला कमी, पण चढ अंगावर येणारा. दोन्ही वाटा उधेवाडीत पोचतात, श्रीवर्धन आणि मनरंजन या राजमाचीच्या दोन बालेकिल्ल्यांच्या पायथ्याशी. चांगला लेखक या दोन वाटा वेगवेगळ्या सांगतो. कुठली कुणासाठी, कुठली कधी, चढताना एक आणि उतरताना दुसरी घेतली तर कुठल्या बाजूने सुरुवात करावी, संध्याकाळी कर्जतला लोकल गाठायची असेल तर उधेवाडीतून किती वाजता निघावं. हे वाचताना 'हो, अगदी अस्संच आहे' असं तुला दोन-तीनदा वाटलं पाहिजे. वाटलं, तर ज्या गडावर तू गेलेली नाहीस त्याच्याबद्दलही या माणसावर विसंबायला हरकत नाही.

पुस्तकाचा खरा कस लागतो तो हरिश्चंद्रगडावर. गड एक, पण पायथे तीन जिल्ह्यांत. पाचनई अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात, खिरेश्वर पुणे जिल्ह्यातल्या जुन्नरमध्ये, बेलपाडा ठाणे जिल्ह्यातल्या मुरबाडमध्ये. (जुन्या पुस्तकात जिल्ह्याचं नाव अहमदनगर असेल, तो दोष धरू नकोस.) पाचनईची वाट सर्वांत सोपी. खिरेश्वरहून तोलार खिंडीतून जाणारी लांब आणि दमवणारी. बेलपाड्याहून नळीची वाट कोकणकड्याच्या बाजूने वर येते. तिथे घसारा, म्हणजे पायाखालून सुटणारी माती-दगड, आहे, कातळटप्पे आहेत, आणि दोर व जाणता माणूस सोबत असल्याशिवाय त्या वाटेला तू जाऊ नयेस असं माझं स्पष्ट मत आहे. आता अशा गडाबद्दल एखादं पुस्तक लिहितं, 'खिरेश्वरहून निघून खिंड ओलांडावी व सरळ चढत गडावर पोचावे.' दुसरं लिहितं, 'खिंडीत दगडात कोरलेलं व्याघ्रशिल्प दिसेल. ते आलं की खिंड आली असं समजावं. इथून कातळाला लावलेल्या रेलिंगचा आधार घेत चढावं. कातळ संपला म्हणजे गड आला असं धरू नये. अजून लहानमोठ्या टेकड्यांचे चढउतार पार करून मग मंदिर लागतं, आणि धुक्यात लोक चुकतात ते याच भागात.' दोन्ही वाक्यं खोटी नाहीत. पण पहिल्याच्या भरवशावर तू खिंडीच्या वर आल्यावर भांबावशील, आणि दुसऱ्यामुळे कुठे डोळे उघडे ठेवायचे ते घरूनच ठरवून निघशील. असं दुसऱ्यासारखं लिहिणारं पुस्तक सापडलं तर किंमत बघू नकोस.

उतरायच्या वाटेवर लेखकाने किती ओळी खर्च केल्यात हेही बघ. बरीच पुस्तकं वर पोचवून थांबतात आणि 'आल्या वाटेने परतावे' एवढंच म्हणतात. चढताना एकच दिसणारी डोंगराची सोंड उतरताना दोन-तीन फाट्यांनी फुटलेली दिसते, ढोरवाटा येऊन मिळतात, आणि तोवर पाय थकलेले असतात, उजेड कमी होत असतो. चुकामूक होते ती तेव्हाच.

पाणी. 'गडावर पाण्याची टाकी आहेत' हे वाक्य अर्धवट आहे. कुठल्या टाक्यातलं पिण्याजोगं, आणि ते कुठल्या महिन्यापर्यंत टिकतं, हे हवं. डिसेंबरात काठोकाठ असलेलं टाकं एप्रिलमध्ये तळाला गेलेलं असतं. ज्याने गड एकाच मोसमात पाहिलाय त्याचं वर्णन त्या मोसमापुरतंच खरं.

सोपी, मध्यम, कठीण या श्रेणींचंही तसंच. खांडसहून भीमाशंकरला जायच्या दोन वाटा आहेत. गणेश घाट लांबचा आणि सौम्य, शिडी घाट जवळचा आणि खडा. दोन्ही वर पदरवाडीला मिळतात. शिडी घाट जानेवारीत कोरड्या कातळावरून करणं आणि जुलैत वाहत्या पाण्यातून करणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत. श्रेणीशेजारी महिना लिहिलेला नसेल तर त्या श्रेणीवर जाऊ नकोस.

वेळेचा हिशेब तू स्वतः ताडून बघू शकतेस. विल्यम नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने 1892 मध्ये एक ठोकताळा मांडला, तो आजही वापरतात: सपाटीवर पाच किलोमीटरला एक तास, आणि चढाईच्या दर 600 मीटरला आणखी एक तास. हा सरावलेल्या माणसाचा, थंड हवेतला, न थांबता चालण्याचा हिशेब. आपल्याकडच्या दमट हवेत, पाठीवर सॅक घेऊन, नव्या माणसाने त्यात निम्मा वेळ तरी वाढवावा. पुस्तकात दिलेली वेळ नेस्मिथच्या हिशेबापेक्षाही कमी निघाली, तर लेखकाने स्वतःच्या दमाचं माप तुझ्या माथी मारलंय असं समज.

आता नकाशा. पुस्तकातल्या हाती काढलेल्या नकाशाला उत्तर दिशा आणि प्रमाण नसेल तर तो निव्वळ चित्र आहे. तरी उत्तम नकाशासाठी पुस्तकावर अवलंबून राहूच नकोस. सर्व्हे ऑफ इंडियाचे 1:50,000 चे नकाशे मिळतात. त्यात दोन सेंटिमीटर म्हणजे एक किलोमीटर. पुस्तकातली वाट अशा नकाशावर पेन्सिलीने उतरवून बघ. समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, एकमेकींना चिकटल्या की तिथे कडा आहे, विरळ झाल्या की पठार. पुस्तक ज्याला 'थोडा चढ' म्हणतं तिथे रेषांची गर्दी दिसली तर तुला कळलंच. मोबाईलमध्ये कुणीतरी चाललेल्या वाटेचा ट्रॅक घेऊन जा, अवश्य घे, पण तो ज्याने टाकलाय तो चुकला असेल तर ट्रॅकही चुकलेलाच असतो, आणि बॅटरी थंडीपावसात लवकर उतरते.

आवृत्ती कधीची ते पहिल्या पानांवर बघायला विसरू नकोस. डोंगर तोच राहतो असं आपण म्हणतो, पण वाटा बदलतात. इर्शाळगडाचं जुनं वर्णन काढलंस तर त्यात इर्शाळवाडीतून जायला सांगितलेलं असेल, वाडीतल्या लोकांकडे जेवणाची सोय होते असंही असेल. 19 जुलै 2023 च्या रात्री ती वाडी दरडीखाली गेली. जुनं पुस्तक हातात धरून त्या वाटेला कुणी जाऊ नये, ते सुरक्षिततेसाठीही आणि गेलेल्या माणसांसाठीही. शिवाय पावसाळ्यात प्रशासन आणि वनखातं काही ठिकाणी बंदी घालतं, हरिश्चंद्रगड तर अभयारण्यातच येतो. हे नियम पुस्तक सांगू शकत नाही. निघण्याआधी पायथ्याच्या गावात फोन करून विचारायचं.

गावांची नावं तालुक्यासकट दिलेली असावीत, इतकंच आणखी. ठाकूरवाडी या नावाच्या वाड्या कर्जत-पनवेल भागात कितीतरी आहेत, आणि कलावंतिणीच्या सुळक्याला जायचं असेल तर त्यातली नेमकी एकच हवी.

इतिहासाच्या पानांबद्दल तू विचारलं आहेस. ती हवीतच. राजगडाच्या संजीवनी माचीवर उभं राहून तिची बांधणी कळली नाही तर आपण फक्त दमून येतो. पण त्यासाठी वेगळं पुस्तक घे आणि घरी बसून वाच. वाटेचं पुस्तक वाटेचं असू दे, सॅकच्या वरच्या कप्प्यात मावेल असं.

पुस्तक घेतलंस की हव्या त्या पानांची झेरॉक्स काढून प्लॅस्टिकमध्ये घाल. पुस्तक घरी ठेवलंस तरी चालेल. वाटेत जिथे वर्णन जुळलं नाही तिथे लगेच समासात लिही, तारीख घालून. आणि वाडीतल्या माणसांना प्रत्येक वेळी विचार, पुस्तक कितीही चांगलं असलं तरी. विचारताना 'ही वाट गडावर जाते ना?' असं विचारू नकोस. समोरचा भिडेखातर हो म्हणतो. 'गडावर कुठून जाता तुम्ही?' असं विचार, मग ते हात करून दाखवतात, आणि पुष्कळदा चार पावलं सोबतही येतात. कुणी वाटाड्या म्हणून आला तर त्याचे पैसे आधी ठरव आणि घासाघीस करू नकोस.

पुढचा गड पाचनईच्या वाटेने हरिश्चंद्रगड कर, दिवाळीनंतर. तोवर त्या चारपैकी दोन पुस्तकांतली लोहगड आणि राजमाचीची पानं वाचून मला कळव, कुठे काय जुळलं नाही ते.

तुझा,
काका