बाईंना विचारा : स्कूटर, वांगी आणि विजयदुर्गचा हेलियम

प्रश्न : माझा मुलगा नववीत आहे. मूलद्रव्यं पाठ व्हावीत म्हणून कोचिंगमध्ये हिंदी वाक्यं दिली आहेत. ‘हलीना की रब से फरियाद’, ‘बेटा मांगे कार, स्कूटर, बाप राजी’. दिवसभर तेच म्हणत फिरतो. परवा विचारलं, स्कूटर म्हणजे कोण रे? तर म्हणाला, ‘ते नाही सांगितलं.’ पुढे दहावीच्या पुस्तकातून तर आवर्तसारणीचा धडाच काढलाय म्हणे. हे इतिहासाच्या अंगाने शिकवता येईल का? मी स्वतः कॉमर्सची. – एक आई, लोकमान्य नगर, इंदूर

उत्तर : त्या वाक्यांतला एकेक शब्द किंवा अक्षर म्हणजे एकेक मूलद्रव्य. स्कूटर म्हणजे स्ट्राँशियम. दिवाळीच्या फटाक्यांतला लालभडक रंग बहुतेक त्याचाच.

धडा काढलाय हे खरं, पण अकरावीत तो आहे. म्हणजे तुमच्या हाती दोन वर्षं मोकळी आहेत, आणि परीक्षेची टांगती तलवार नाही. मी तर याला पर्वणी म्हणेन. त्या हिंदी वाक्यांवर माझा राग नाही. फक्त मुलाची अवस्था अशी झालीय की लग्नाची यादी तोंडपाठ, पण त्यातला मामा कोण आणि व्याही कोण, पत्ता नाही.

एखाद्या संध्याकाळी त्याला घेऊन राजवाड्यामागे बर्तन बाजारात आणि मग सराफ्यात जा. खायला नंतर, आधी धातू. सोनं, चांदी, तांबं, लोखंड, कथील, शिसं, पारा, हे सात माणसाला हजारो वर्षं ठाऊक आहेत. शोधणाऱ्यांची नावं कुणालाच माहीत नाहीत. दुकानात एकेका भांड्यावर बोट ठेवून विचारा, हे मूलद्रव्य का? तांब्याच्या लोट्याला ‘हो’ म्हणेल. पितळी डब्याला पण ‘हो’ म्हणेल, आणि तिथे फसेल. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. माझ्या वर्गातली हुशार मुलंही दरवर्षी इथेच पडायची. घरी कल्हईचं पातेलं उरलं असेल तर तेही दाखवा : आतला चकाकता थर कथलाचा, आणि कल्हईवाला जी पांढरी पूड टाकून धूर काढायचा तो नवसागर.

जस्त मात्र त्या सातांत नाही. का, ते सांगते, कारण ही गोष्ट मला फार आवडते. जस्ताचं खनिज कोळशाबरोबर तापवलं की धातू सुटायला हजार अंशांच्या वर उष्णता लागते, आणि जस्त उकळतं ९०७ अंशांना. म्हणजे धातू जन्मतो तोच वाफ होऊन. हवा लागली की पुन्हा भस्म. पकडायचा कसा? आपल्या राजस्थानात, उदयपूरजवळच्या जावर इथे, मध्ययुगातल्या कारागिरांनी वांग्याच्या आकाराच्या मातीच्या मुशी केल्या, त्यांना नळी लावली आणि तोंड खाली करून भट्टीत मांडल्या. वाफ नळीतून खाली उतरायची आणि थंड होऊन जस्त साचायचं. ‘रसरत्नसमुच्चय’ या ग्रंथात अशा मुशीला ‘वृन्ताक मूषा’ म्हटलंय. वृन्ताक म्हणजे वांगंच. युरोपच्या पुस्तकांत जस्त वेगळं काढण्याचं श्रेय बर्लिनच्या मारग्राफला, साल १७४६. जावरच्या रिकाम्या मुशी ढिगांनी पडल्यात, त्यांवर नाव कुणाचंच नाही.

आता तुमच्या कोचिंगच्या वाक्याकडे. ‘कार, स्कूटर, बाप’ म्हणजे कॅल्शियम, स्ट्राँशियम, बेरियम. अणुभार, म्हणजे अणूंची एकमेकांच्या तुलनेतली वजनं, ४०, ८८, १३७. मुलाला पहिला आणि तिसरा मिळवून अर्धे करायला सांगा. साडेअठ्ठ्याऐंशी! मधला जवळपास तोच. ‘हलीना की’मधले ली, ना आणि क घ्या : लिथियम ७, पोटॅशियम ३९, बेरीज ४६, निम्मे २३. सोडियम २३. हे जर्मनीतल्या येना इथल्या डोबेरायनरच्या लक्षात आलं आणि १८२९ साली त्याने ही त्रिकुटं मांडली. तो गाडीवानाचा मुलगा होता, त्यामुळे ‘कार’ त्याच्या वाट्याला यावी हे ठीकच. तुम्ही कॉमर्सच्या, सरासरी तुमच्या हातचा मळ. त्रिकूट तुम्हीच शिकवा.

त्यानंतर चाळीस वर्षांनी, १८६९ मध्ये, रशियाच्या मेंडेलीव्हने ६३ मूलद्रव्यं भाराच्या क्रमाने, पण सारख्या स्वभावाची एका रांगेत येतील अशी लावली. हीच आवर्तसारणी. आणि जिथे स्वभाव जुळेना तिथे जागा रिकामी सोडली. मला त्या माणसाचं कौतुक भरलेल्या चौकटींपेक्षा त्या रिकाम्यांसाठी वाटतं. अ‍ॅल्युमिनियमखालच्या अनोळखी पाहुण्याला त्याने नाव दिलं ‘एका-अ‍ॅल्युमिनियम’, त्यातला ‘एक’ आपला संस्कृतच. १८७५ मध्ये फ्रान्सच्या लकॉक द ब्वाबोद्रानला गॅलियम सापडलं. त्याने घनता मोजली, ४.७. मेंडेलीव्हने कळवलं, ५.९ च्या आसपास हवी, धातू शुद्ध करून पुन्हा मोजा. पुन्हा मोजली, ५.९ आली! गॅलियम तीस अंशांच्या आतच वितळतं. आपल्या इंदूरच्या मे महिन्यात ते फडताळात पाणी होऊन बसेल.

हाच खेळ घरी मांडा. जुन्या लग्नपत्रिका कापून खेळायचे पत्ते करा. एकेकावर मूलद्रव्याचं नाव, अणुभार, आणि ऑक्सिजनशी कसं जुळतं ते लिहा. पत्ते लावून झाले की तो दुसऱ्या खोलीत गेल्यावर दोन काढून घ्या, आणि मग त्याला गहाळ झालेल्यांचं वर्णन करायला सांगा.

प्रश्न : आम्ही गणपतीत कोकणात गेलो होतो. विजयदुर्ग किल्ल्यावर गाइडने सांगितलं की हेलियमचा शोध १८६८ साली इथेच लॉकियर या इंग्रज साहेबाने लावला, त्याच्या दुर्बिणीचे कट्टेही दाखवले. नातीच्या पुस्तकात मात्र जान्सेन आणि गुंटूर आहे. नात म्हणते गाइड खोटारडा. – एक आजोबा, दांडिया बाजार, वडोदरा

उत्तर : आजोबा, गाइडला खोटारडा म्हणू नका, नाहीतर मलाही म्हणावं लागेल. तेहतीस वर्षांच्या नोकरीत निदान वीस वर्षं मी वर्गात हेच सांगितलं, तेही छाती फुगवून. मग एका मुलीने विचारलं, ‘बाई, लॉकियर तेव्हा लंडनला युद्धखात्यात कारकून होता ना? एवढी रजा कुणी दिली?’ मी घरी जाऊन तारखा जुळवल्या आणि दुसऱ्या दिवशी वर्गात कान पकडले.

घडलं ते असं. १८ ऑगस्ट १८६८ चं खग्रास ग्रहण हिंदुस्थानावरून गेलं. फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सेन गुंटूरला होता. आपल्या पटवर्धनांच्या जमखंडीत लेफ्टनंट जॉन हर्शेल दुर्बीण लावून ढगांशी झुंजत होता. तापलेल्या वायूचा प्रकाश लोलकातून फाकवला की प्रत्येक मूलद्रव्याच्या ठरावीक रंगाच्या रेषा दिसतात. सूर्याच्या कडेच्या ज्वाळांच्या प्रकाशात अशी पिवळी रेषा दिसली, पण ती सोडियमची समजली गेली. ही चूक अगदी घरगुती आहे. भाताचं मीठ घातलेलं पाणी उतू जाऊन गॅसवर सांडलं की ज्योत पिवळी होते, ते सोडियम. जान्सेनचं मोठेपण निराळंच : या रेषा इतक्या झळाळल्या की ग्रहणाशिवायही त्या दिसतील हे त्याने ओळखलं आणि दुसऱ्याच दिवशी पाहून दाखवलं.

लॉकियरने तेच स्वतंत्रपणे इंग्लंडमधून केलं, २० ऑक्टोबरला. पिवळी रेषा सोडियमच्या जागी बसत नाही हे त्याने धरलं. प्रकाशाच्या तरंगलांबीच्या मापात सोडियमच्या दोन रेषा ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटरवर, ही ५८७.६ वर. दीड नॅनोमीटरचं भांडण! दोघांची पत्रं पॅरिसच्या अकादमीत एकाच बैठकीत वाचली गेली, आणि फ्रेंचांनी दोघांचेही चेहरे असलेलं पदक काढलं. ग्रीकमध्ये सूर्य म्हणजे हेलिओस, म्हणून त्या नव्या मूलद्रव्याचं नाव हेलियम.

मग विजयदुर्गचे कट्टे? तेही खरेच. लॉकियर तिथे आला होता, पण २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणाला. तोवर रसायनशास्त्रज्ञ रॅम्सेने १८९५ मध्ये लंडनला क्लेव्हाइट नावाच्या युरेनियमच्या खनिजातून हेलियम पृथ्वीवरच काढून दाखवला होता. माणूस खरा, जागा खरी, ग्रहणही खरं, फक्त तीस वर्षांचा घोटाळा. (जमखंडीतल्या हर्शेलच्या आजोबांनी युरेनस शोधला, युरेनसवरून युरेनियमचं नाव पडलं, आणि युरेनियमच्याच खनिजात हेलियम निघाला. नातीला हे जरूर सांगा, आजोबांचा मान वाढेल.)

एक गंमत तिच्या पुस्तकात नसेल. मेंडेलीव्हच्या १८६९ च्या तक्त्यातल्या ६३ जणांत हेलियम नाही. वर्षभर आधी आकाशात दिसला होता, पण हातात काहीच नाही, भार माहीत नाही, तर बसवणार कुठे? १८९४ मध्ये आर्गॉन सापडला तेव्हाही मेंडेलीव्ह कुरकुरलाच. हे नवं मूलद्रव्य नसून तीन अणूंचा नायट्रोजन असेल, असं त्याला वाटत होतं. मग निऑन, क्रिप्टॉन, झेनॉन सापडले, तेही १८९८ मध्येच. एकेकट्यासाठी जागा नव्हती, पाच जण मिळून आले तेव्हा त्यांना नवा रकाना मिळाला, आणि शेवटी त्यानेही तो आपल्या तक्त्यात घेतला.

प्रश्न : बाई, मूलद्रव्यांचा तक्ता ११८ वर संपला का? – सातवीतली एक मुलगी, लष्कर, ग्वाल्हेर

उत्तर : नाही गं, सध्या तिथे थांबलाय. इतकी जड मूलद्रव्यं खाणीत सापडत नाहीत, ती जुळवावी लागतात. जपानी शास्त्रज्ञांनी जस्ताचे (क्रमांक ३०) अणू बिस्मथवर (क्रमांक ८३) आदळले. क्रमांक म्हणजे अणूतल्या प्रोटॉनांची संख्या, म्हणून दोन अणू जुळले की त्यांची बेरीज होते. तीस आणि त्र्याऐंशी किती? तेच निहोनियम. २००४ ते २०१२ या काळात त्यांना त्याचे एकूण तीन अणू मिळाले. तीन किलो नव्हे, तीन अणू! २०१६ मध्ये त्याला नाव मिळालं.

आता ११९ साठी ते व्हॅनेडियम वापरताहेत, क्रमांक २३. समोर कोणतं मूलद्रव्य ठेवलं असेल ते वजाबाकी करून शोध आणि मला पोस्टकार्डावर कळव. तक्ता बघितलास तरी चालेल, पण आईला विचारायचं नाही.