पंचांवर चिडणारा मुलगा आणि रेषेबाहेरचे बाबा

"मॅडम, माझो झील हरलो की दोन दिवस कोणाशी बोलणा नाय. पंचांवर तर असो धावता की माका लाज वाटता." मालवणकडच्या एका आईची ही तक्रार. मुलाला हार पचत नाही म्हणून बरेच पालक माझ्याकडे येतात. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.)

मुलगा कबड्डीच्या किशोर गटातला चढाईपटू. हरण्याचा विषय मी काढलाच नाही. शेवटची चढाई मांडून दाखव म्हटलं. टेबलावर पेनं मांडली गेली. समोर पाचच खेळाडू उरलेले आणि बाबा बाहेरून ओरडतायत, "बोनस घे, बोनस!" बोनस, म्हणजे जादा गुण, मिळतो तो समोर किमान सहा जण असतील तरच. पोराला हे पक्कं ठाऊक. तरी बाबांचा आवाज कानात शिरला, पाय बोनस रेषेकडे गेला, कोपरारक्षकाने घोटा धरला. सामना गेला. बाबा पंचांना नको ते बोलले. मागोमाग हाही भांडायला गेला आणि हिरवं कार्ड, म्हणजे ताकीद, घेऊन आला.

"आणि घरी जाताना?"

"कणकवलीपासून घर येईपर्यंत बाबा गाडीवर बोलतच होते."

पुढच्या वेळी बाबांना बोलावलं. माणूस तांडेल, म्हणजे मच्छीमार बोटीचा प्रमुख. बोटीवर त्यांचा शब्द शेवटचा, आणि तो असायलाच हवा. पण तीस सेकंदांच्या चढाईत तांडेल मुलगाच असतो, हे त्यांना पटायला वेळ लागला. बाहेरून फक्त टाळ्या, सामना संपल्यावर पंचांशी हात मिळवणं, आणि गाडीवर मुलगा स्वतः विषय काढेपर्यंत खेळाबद्दल चकार शब्द नाही, एवढं ठरलं. 'हार-जीत चालायचीच' हेसुद्धा त्या दिवशी नको. हरलेल्या पोराला ते चिडवल्यासारखंच वाटतं.

मुलाला एकच काम दिलं: ज्याने पकडलं त्याच्याकडे जायचं आणि पकड कशी केलीस ते विचारायचं. पहिल्यांदा तो गेलाच नाही. नंतर गेला, तर समोरच्याने घोटा कसा धरायचा ते चक्क करून दाखवलं.

हरल्यावर संध्याकाळभर तो अजून गप्प असतो. असू दे. सामन्याआधी दरवेळी पोटात दुखू लागलं, झोप उडाली किंवा सरावाला जाणं टाळू लागला, तर मात्र उशीर न करता भेटा, असं आईला सांगून ठेवलंय.

परवा तिचा फोन आला. "सामन्यात हे वरडाक नाय मॅडम. पण माझो हात दाबून दाबून लाल केल्यानी."